प्रोग्रेसिव्ह रॉकमधले आवडते कीबोर्डवादक: कोण, कुठल्या वाद्यावर आणि नेमकं काय केलं?

कोमल_निषाद

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकच्या) कीबोर्डवादकांचा विषय निघाला की गाडी "कोणाची बोटं जास्त पळतात" इथे येऊन अडकते. या धाग्यात ते टाळूया. आवडता वादक सांगा, त्याची एखादी जागा सांगा, आणि त्या जागी हाताखाली कुठलं वाद्य होतं, ते कुठे अडत होतं, वादकानं त्यातून वाट कशी काढली, ते लिहा. १९६९ ते १९७५ या काळातलं जवळपास प्रत्येक कीबोर्ड कुठल्या ना कुठल्या बाबतीत हट्टी होतं. या संगीताचा आवाज त्या हट्टातूनच घडला असं माझं ठाम मत आहे.

माझा माणूस टोनी बँक्स. जेनेसिस या त्याच्या बँडच्या 'फॉक्सट्रॉट' (१९७२) या अल्बममधल्या 'सपर्स रेडी'त नऊ मात्रांचा एक भाग येतो. बास पांढरी तीन, काळी तीन आणि पांढरी सात एवढ्याच सुरांवर फिरत राहतो (पेटीच्या हिशोबानं: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, असं पुढे). ड्रम आणि बास नऊची विभागणी ३-२-४ अशी करतात. खाली इतकं कमी बांधलेलं असल्यामुळे वरच्या ऑर्गनला कुठल्याही कॉर्डवर जायची मुभा मिळते, आणि बँक्स ती पुरेपूर घेतो. त्याची वाक्यं नवाच्या चौकटीत संपत नाहीत, मधूनच सुरू होतात आणि सम ओलांडून पुढे जातात. बसवायचं असेल तर आधी फक्त पायानं ३-२-४ धरा, तोंडानं मोजणं बंद होईपर्यंत. मग उजव्या हाताची दोन-दोन वाक्यं बसवा. मोजत वाजवलं की प्रत्येक आवर्तनाच्या तोंडाशी हात थबकतो आणि सगळा ताण निघून जातो.

दुसरी जागा जेनेसिसच्याच 'फर्थ ऑफ फिफ्थ' (१९७३) चा पियानोवरचा आरंभ. काळी पाचच्या मेजरमध्ये सुरू होतो आणि दोन-चतुर्थांश, तेरा-षोडशांश, पंधरा-षोडशांश अशी मापं बदलत जातो. इथे मेट्रोनोम चतुर्थांशावर लावला की तेराव्या षोडशांशानंतर तो तुमच्याविरुद्ध वाजायला लागतो. क्लिक षोडशांशावर लावा, फार तर अर्ध्या गतीनं. मंचावर बँक्सनं हा आरंभ सोडून दिला, कारण त्या काळात त्याच्याकडे आरएमआय इलेक्ट्रा पियानो होता आणि त्या वाद्याला स्पर्शाचा फरक कळत नसे. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. सगळे सूर सारख्याच जोराचे झाले तर त्या आरंभातली उठावाची जागाच उरत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

भाता

धाग्याबद्दल आभार. माझं मत इमर्सन, लेक अँड पामरच्या कीथ इमर्सनला, पण मंचावर ऑर्गनमध्ये चाकू खुपसणं, ऑर्गन उलटा करणं या करामतींसाठी नव्हे.

आधी हॅमंड, म्हणजे त्याचा विजेवरचा ऑर्गन, समजून घेऊ, कारण आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी डोळ्यांसमोर येते. पायपेटीत पाय भाता चालवतात आणि हवेचा दाब म्हणजेच आवाजाचा चढउतार. हॅमंड सी-३ मध्ये हवा नाही, सूर देणारी पितळी पत्ती (रीड) नाही. ९१ दातेरी चाकं एका मोटरवर फिरतात आणि प्रत्येक चाकासमोर चुंबकाची कांडी असते. प्रत्येक पट्टीखाली विजेचे नऊ संपर्क असतात, त्यांचे नऊ आवाज ड्रॉबारनं (ओढायच्या दांड्यांनी) कमीजास्त करायचे. बोटाच्या जोराचा आवाजावर काहीही परिणाम नाही. चढउतार सगळा उजव्या पायाखालच्या पेडलवर. म्हणजे पेटीत डावा हात जे काम करतो ते इथे उजवा पाय करतो. पाय स्थिर ठेवून हॅमंड वाजवणं म्हणजे भाता एकाच दाबानं हलवत पेटी वाजवण्यासारखं आहे.

ते नऊ संपर्क अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत, म्हणून पट्टी दाबताना 'टक्' असा आवाज येतो. कंपनीला तो दोष वाटत होता. रॉकवाल्यांना नेमका तोच हवा होता. त्यावर परकशनची (सुराच्या आरंभी ठोक देणाऱ्या सोयीची) टोकदार ठोक घातली की इमर्सनच्या आवाजाच्या जवळ जाता येतं. सुरुवातीला वरच्या पट्ट्यांचे पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकीचे आत, परकशन तिसऱ्या हार्मोनिकवर, ऱ्हास जलद. दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात:

परकशन प्रत्येक सुराला वाजत नाही. सगळ्या पट्ट्या सुटल्यावर जो पहिला सूर दाबाल त्यालाच ठोक लागते. सूर एकमेकांना चिकटवून वाजवलेत तर पहिला खणखणीत आणि पुढचे बोथट. इमर्सनची बोटं इतकी तुटक का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

दुसरं, परकशन चालू असताना नववा ड्रॉबार कितीही ओढला तरी तो बोलत नाही. त्याचा संपर्क परकशनला चालना द्यायला वापरलेला असतो. ड्रॉबार बिघडलाय समजून लोक उघडून बसतात. बिघडलेला नसतो.

'टार्कस' (१९७१) च्या सुरुवातीला पाच-चतुर्थांशचा, म्हणजे दहा अष्टमांशांचा डाव्या हाताचा घुमारा आहे. दहा मात्रा म्हणून झपताल मनात आणू नका, वजनं वेगळ्या जागी पडतात आणि हात फसतो. कॉर्डही नेहमीच्या तिसऱ्या सुराच्या नाहीत. चौथ्या सुरांच्या थरांवर रचलेल्या आहेत: पांढरी एक, पांढरी चार, काळी पाच, अशा. त्यामुळे मेजर-मायनर ठरत नाही आणि सगळं अधांतरी राहतं. पहिला आठवडा फक्त डावा हात. मनगट दुखायला लागलं की थांबा. गती वाढवायची नाही. उजवा हात आला की डाव्याचा जोर कमी होतो, तिथेच बहुतेकांचं 'टार्कस' कोसळतं.

फीत

भाता, सुरेख. एक जोड देतो, कारण अमेरिकेतून हॅमंड मागवायचे विचार लोकांच्या डोक्यात असतात. ती मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर लावली की सगळं वाद्य तीन अर्ध्या सुरांहून थोडं जास्तच उतरतं. पांढरी एक दाबा, खालची पांढरी सहा ऐकू येईल, तीही किंचित कोमेजलेली. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी नाही. त्यासाठी फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरच लागतो, किंवा मग मुळातच ५० हर्ट्झचं ब्रिटिश वाद्य घ्यावं. सी-३ सुरू करताना स्टार्टचं बटण साधारण आठ सेकंद धरायचं, ते धरूनच रन दाबायचं, आणखी चारेक सेकंदांनी स्टार्ट सोडायचं. घाईनं सोडलं तर चाकं गतीत येत नाहीत आणि लोक मोटर जळाली म्हणून हाय खातात. तेल वर्षातून एकदा, आणि तेही हॅमंडसाठीचंच पातळ तेल. शिलाई मशीनचं किंवा कुलपाचं तेल घालू नका. आतले दोरे ते ओढून घेतात, कालांतरानं ते चिकट होतं आणि चाकं आखडतात.

आता माझा विषय, मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारं कीबोर्ड. वादक म्हणून माइक पिंडर आणि किंग क्रिमसनच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' (१९६९) मधला इयन मॅकडोनाल्ड. पिंडर मूडी ब्लूज या बँडच्या आधी बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन बनवणाऱ्या कारखान्यातच कामाला होता, म्हणून ते यंत्र उघडायची त्याला भीती नव्हती.

एम-४०० मॉडेलला ३५ पट्ट्या, पांढरी पाच ते पांढरी चार. प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र पट्टी, रुंदी तीन-अष्टमांश इंच, तिच्यावर तीन आवाज शेजारी शेजारी. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि हेडवरून सरकू लागते. सुमारे आठ सेकंदांनी टेप संपते आणि आवाज तुटतो. पट्टी सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. ती मागे पोचायच्या आत पुन्हा दाबलीत तर सूर मधूनच सुरू होतो, सुरुवातीचा व्हायोलिनच्या गजाचा घसारा गायब.

यावरून वाजवण्याचे नियम आपोआप निघतात. लांब कॉर्ड धरायची असेल तर सगळी बोटं एकदम उचलायची नाहीत. एक सूर सोडा, त्याच्या जागी कॉर्डमधला दुसरा घ्या, मग पुढचं बोट. कोळी चालतो तशी बोटं सरकली पाहिजेत. फार पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर भार येऊन सूर उतरतो, म्हणून तीन सूर, फार तर चार. आणि दाब पूर्ण द्यायचा, अर्धवट दाबलेली पट्टी डगमगते.

बँक्सचा 'वॉचर ऑफ द स्काईज'चा आरंभ (हाही 'फॉक्सट्रॉट'मधला) याचा धडाच आहे. बास काळी तीनवर ठाम आणि वर आळीपाळीनं पांढरी सातची मेजर सेव्हन आणि काळी एकची मेजर. बँक्सनं मुद्दाम त्या यंत्रावर चांगल्या लागणाऱ्या कॉर्ड शोधल्या, कारण काही कॉर्ड त्याच्यावर इतक्या बेसूर लागत की वापरताच येत नसत. मेलोट्रॉनसाठी लिहायचं म्हणजे आधी त्याला विचारायचं.

टप्पा_चौताल

@फीत, सॅम्पल (मूळ वाद्याचे ध्वनिमुद्रित सूर) वापरून हे करायचं असेल तर? माझ्याकडच्या मेलोट्रॉन आवाजात काही केल्या ती हुरहुर येत नाही, सिनेमातल्या व्हायोलिनसारखं गुळगुळीत वाटतं.

फीत

चार गोष्टी तपासा. एक, वेलॉसिटीचा (पट्टी किती जोरात दाबली त्याचा) आवाजावरचा परिणाम शून्यावर आणा, खऱ्या यंत्राला तो नाहीच. दोन, लूप बंद करा, आठ सेकंदांनी आवाज तुटलाच पाहिजे. तो तुटणार हे माहीत असलं की हात आपसूक वेगळे वाजवतात. तीन, रिव्हर्ब निम्मा करा, लोक इथेच सगळं बुडवतात. चार, सस्टेन पेडलवरून पाय काढा. सगळ्या ३५ पट्ट्या एकाच सुरात मिळवलेल्या सॅम्पलपेक्षा थोडेसे डगमगणारे सॅम्पल घ्या. पट्टीगणिक सुरात जो किंचित फरक असतो, हुरहुर त्यातून येते.

मंद्र

एवढ्या तंत्राच्या गर्दीत रिक राइटचं नाव अजून आलं नाही. मला तोच सर्वांत जवळचा. पिंक फ्लॉइडमध्ये त्यानं किती कमी वाजवलं ते मोजा.

'एकोज' (१९७१) ची सुरुवात म्हणजे पियानोचा वरच्या सप्तकातला एकच सूर, पांढरी सात, तो लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. बस. तेवीस मिनिटांच्या तुकड्याचं दार एका सुरावर उघडतं. घरी करून पाहायचं तर पियानोचा सूर लेस्ली सिम्युलेटरमधून न्या, मागे इको द्या, आणि सूर पुन्हा दाबण्याआधी आधीचा विरू द्या. बहुतेकजण तो फार लवकर दुसऱ्यांदा वाजवतात.

त्याचा त्या काळातला दुसरा सोबती बिन्सन एकोरेक हे इको यंत्र. यात टेप नसून फिरती चुंबकी चकती आहे, तिच्याभोवती वाचणारी चार हेड. त्यामुळे एक सूर चार ठिकाणांहून परत येतो आणि एकमेकांवर पडतो. साध्या डिजिटल डिलेवर एकच वेळ लावून हे होत नाही. किमान दोन डिले समांतर लावा, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि परत येणाऱ्या आवाजातली वरची धार कापा. फारफिसा ऑर्गनचा आवाज मुळात पातळ आणि कर्कश आहे. पाँपेईतल्या मैफलीच्या चित्रीकरणात तोच किती गहिरा होतो ते या इकोमुळे.

आणि कॉर्ड. 'ब्रीद'मध्ये ओळ संपून पुन्हा पांढरी तीनच्या मायनरवर यायच्या आधी पांढरी दोनची सेव्हन शार्प नाइन येते. राइटनं सांगितलंय की ही कॉर्ड त्याला माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधून मिळाली. वाजवताना पाचवा सूर गाळा, मूळ सूर आणि सातवा डाव्या हातात ठेवा, मेजर तिसरा आणि शार्प नववा उजव्यात, आणि शार्प नववा सगळ्यात वर. तो खाली गेला की दोन तिसरे एकमेकांवर घासतात आणि कॉर्ड चुकल्यासारखी वाटते.

काळी_चार

वेकमन कुठे आहे?! रिक वेकमनशिवाय हा धागा अपुरा.

बँक्स रचनाकार मोठा, मान्य. पण 'आवाज निवडणं' यात वेकमनच्या तोडीचा कोणी नाही. येस या त्याच्या बँडच्या 'क्लोज टू द एज' (१९७२) मध्ये जो चर्चचा ऑर्गन आहे तो खरा पाइप ऑर्गन, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. आणि तो संपल्यावर मिनिमूग सिंथेसायझर, मग हॅमंड. प्रत्येक आवाज आधीच्याहून वेगळ्या जातीचा. त्याआधी १९७१ मध्येच डेव्हिड बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स?'चा पियानो त्याचा.

मिनिमूग मॉडेल डीबद्दल थोडं, कारण आजकाल सगळ्यांकडे त्याची सॉफ्टवेअर नक्कल आहे आणि सगळ्यांची तीच तक्रार: "वेकमनसारखं वाटत नाही." ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग), एका वेळी एकच सूर. वेकमननं अनेकदा सांगितलंय की त्याला पहिला मिनिमूग जॅक वाइल्ड या नटाकडून स्वस्तात मिळाला, कारण एका वेळी एकच सूर वाजतो म्हणजे यंत्र बिघडलंय अशी त्या नटाची समजूत झाली होती.

यातली मेख अशी. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालची पट्टी जिंकते. हल्लीच्या सिंथमध्ये शेवटची दाबलेली जिंकते. म्हणून खऱ्या मिनिमूगवर मुरकी घ्यायची तर वरची पट्टी धरून ठेवायची आणि खालची टिचकवायची. खालची धरून वरची टिचकवलीत तर काहीच होत नाही. शिवाय सगळ्या पट्ट्या सुटेपर्यंत एन्व्हलप (सुराचा चढउतार घडवणारा भाग) पुन्हा सुरू होत नाही, म्हणजे चिकटवून वाजवलं की सूर बदलतो पण ठोक लागत नाही. तुमच्या नकलेत नोट प्रायॉरिटी 'लो' करा आणि रिट्रिगर बंद करा. अर्धी तक्रार इथेच मिटते.

उरलेली अर्धी: पहिला ऑसिलेटर बरोबर सुरात, दुसरा तीन ते पाच सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) वर, तिसरा एक सप्तक खाली. तिन्ही नेमके जुळवलेत तर आवाज मेल्यासारखा सपाट होतो. दहा सेंटच्या पुढे गेलात तर बेसूर. सुरुवातीच्या यंत्रांचा सूर तापमानानं सरकत असे, म्हणून ती वाजवण्याच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवावी लागत. तपासायला ४४० चा सूर देणारं बटण यंत्रावरच आहे. आणि यंत्राला स्मृती नाही, आवाज बदलायचा तर हातानं बटणं फिरवायची. वेकमनच्या मंचावर दोन-दोन मिनिमूग असत ते यासाठीच.

कोमल_निषाद

काळी_चार, आवाज निवडीबद्दल पूर्ण सहमत. पण वेकमनच्या धावत्या तानांमध्ये खूपदा कॉर्ड जागची हलत नाही. आर्पेजियो चमकदार, पण खाली जमीन तीच. बँक्सच्या एकल वादनात जमीनच सरकत असते. 'सिनेमा शो'च्या उत्तरार्धातला सात मात्रांचा लांब भाग ऐका, धून साधी आहे पण तिच्याखाली कॉर्ड बदलल्यामुळे तीच धून दर वेळी वेगळी दिसते. (रूपकाची सवय असलेल्यांनी जपून: रूपकाची सम 'खाली'च्या, म्हणजे बिनवजनाच्या, मात्रेवर येते, इथे पहिल्या मात्रेवर पूर्ण वजन आहे.)

काळी_चार

जमीन न सरकणं हा दरवेळी दोष नाही. येसच्या 'राउंडअबाउट'च्या ऑर्गनमध्ये ख्रिस स्क्वायरचा बास इतका बोलतोय की कॉर्डही हलली असती तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागलं नसतं. बँडमध्ये बाकीचे काय करतायत त्यावरून हे ठरवा. जेनेसिसमध्ये बास शांत, म्हणून बँक्सला मोकळीक.

कोमल_निषाद

हा मुद्दा पटला. असा विचार केला नव्हता.

घसीट

अजून एक नाव, फारसं घेतलं न जाणारं: सॉफ्ट मशीनचा माइक रॅटलेज. हॅमंड नाही, लाउरी ऑर्गन, तोही आवाज खरखरीत करणाऱ्या फझमधून. फझ इतका चढवलेला की पट्ट्यांवरून बोटं उचलली की ऑर्गन शिट्टी मारायला लागे. म्हणून तो सूर सोडतच नसे, एकाला एक लागून लांबच लांब ओळी. 'थर्ड' (१९७०) ऐकताना लक्ष ठेवा, श्वास घ्यायला जागाच नाही.

फझ लावून ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी: कॉर्ड विसरा. दोन सूर एकदम गेले की फझमध्ये त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर तयार होतात. एकेरी सूर किंवा फार तर सा-प. ड्रॉबार कमीत कमी, आठ फुटांचा (दाबलेल्या पट्टीचाच सूर देणारा) एकच पुरे. आणि व्हॉल्यूम पेडल कुठे आहे ते बघा: फझच्या आधी असेल तर पायानं खरखर कमीजास्त होते, नंतर असेल तर फक्त आवाज. दोन्हीचा उपयोग आहे, पण गल्लत केली तर पाय दाबूनही आवाज का वाढत नाही हे कळत नाही.

मंद्र

+१. आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा ह्यू बँटन. बासवादक गेल्यावर बासची बरीचशी बाजू त्यानं ऑर्गनच्या पेडलवर, पायानं सांभाळली. 'पॉन हार्ट्स' (१९७१) हेडफोन लावून ऐका.

टप्पा_चौताल

जॉर्डन रुडेस चालेल का इथे? वाद्याचा हट्ट हा निकष लावला तर आजच्या वर्कस्टेशनला (सगळे आवाज एकातच असलेल्या कीबोर्डला) हट्टच नाही.

काळी_चार

चालेल की. हट्ट फक्त जागा बदलतो. ड्रीम थिएटर या बँडमध्ये रुडेस बराच काळ एकाच फिरत्या स्टँडवरच्या एका कीबोर्डवर सगळं उरकतो, म्हणजे प्रत्येक गाण्यासाठी पट्ट्यांची वाटणी आधी आखावी लागते. खालचं दीड सप्तक पियानो, मधे ऑर्गन, वर लीड, आणि पुढच्या भागात तीच वाटणी मोडून नवी. चुकतं ते इथे: विभागणीची सीमा एखाद्या धुनेच्या मधोमध येते आणि एक सूर भलत्याच आवाजात उमटतो. आधी दोन्ही हातांचा सर्वांत खालचा आणि वरचा सूर कागदावर लिहा, मग सीमा ठरवा. 'ऑक्टेवेरियम' (२००५) च्या आरंभाला तो पट्ट्या सोडून हॅकन कंटिन्यूमच्या सलग पृष्ठभागावर जातो, तिथे मींड बोटानंच घेता येते. आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

टप्पा_चौताल

धन्यवाद. शेवटचा प्रश्न, भाता यांना. लेस्लीचा वेग नेमका कधी बदलायचा? माझ्या हातून तो कायम उशिरा होतो.

भाता

कारण तुम्ही कॉर्डबरोबर बटण दाबत असणार. लेस्ली १२२ मध्ये दोन फिरती अंगं आहेत, वर कर्णा, खाली बासचा ढोल, आणि ती एकमेकांच्या उलट फिरतात. कर्णा हलका, तो सुमारे एका सेकंदात वेग धरतो. ढोल जड, त्याला कित्येक सेकंद लागतात. त्या मधल्या काळात वरचे सूर गरगरतात आणि खालचे अजून रेंगाळत असतात, लेस्लीची सगळी मजा त्या अवधीत आहे. म्हणून कळस ज्या मात्रेवर हवा तिच्या अर्धा बार आधी बटण दाबा, संथ गाणं असेल तर एका सेकंदाचा हिशोब धरा. परत मंद करताना उलट: कॉर्ड आधी धरा, मग बटण, आणि वेग पूर्ण उतरेपर्यंत हात हलवू नका. सिम्युलेटर असेल तर कर्णा आणि ढोल यांचे वेग धरायचे काळ वेगवेगळे ठेवता येतात का पाहा, बऱ्याच यंत्रांत ते सेटिंग मेनूत खोल दडलेलं असतं. दोन्ही एकदम वेग धरत असतील तर बटण कितीही वेळेवर दाबा, नुसता ट्रेमोलो (आवाजाची थरथर) ऐकू येईल.